लैंगिकता, फोन आणि इंटरनेट : मुंबईत संशोधन करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएच्या प्रबंधिकेपासून पीएचडीपर्यंत या विषयाकडे वळणारे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. संशोधन पद्धतीची सर्वसाधारण माहिती कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. विषय लैंगिकतेचा आहे, साधन फोन आहे आणि शहर मुंबई आहे, म्हणून जे वेगळं करावं लागतं तेवढंच इथे मांडलं आहे. माझं एक ठाम मत सगळ्या उत्तरांमागे आहे : आपल्याशी बोलणाऱ्या व्यक्तीला या शहरात सगळ्यात जास्त धोका असतो तो तिच्याच खोलीत राहणाऱ्या माणसांकडून. दूरचा हॅकर फार नंतर येतो.

१. या विषयात नेमका कशाचा अभ्यास होतो? फक्त पॉर्न आणि डेटिंग ॲप?

नाही, विषय बराच मोठा आहे. पाळीची नोंद ठेवणारी ॲप, गर्भनिरोधनाबद्दल यूट्यूबवर शोधलेली उत्तरं, तृतीयपंथी व्यक्तींची इन्स्टाग्राम खाती, सेक्स वर्कर बायकांचा वस्तीतून फोनवर सरकलेला धंदा, जोडीदाराचा फोन तपासण्याची सवय, छळ आणि ब्लॅकमेल, कंपन्यांनी कुठला मजकूर ठेवायचा नि कुठला काढायचा याचे नियम, आणि आता एआयने बनवलेली खोटी नग्न चित्रं. लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळांकडे मराठी विद्यार्थ्यांनी अजून पुरेसं पाहिलेलं नाही असं मला वाटतं. जात, पत्रिका, पगार, रंग आणि ‘घरगुती’ अशा अपेक्षा एकाच फॉर्मवर भरल्या जातात, आणि इच्छा कशी बोलायची किंवा कशी लपवायची हे तिथे रोज दिसतं.

२. मी मास मीडियाची विद्यार्थिनी आहे. हा विषय माझ्या विभागात चालेल का? मुंबईत कुठे करता येईल?

चालेल, प्रश्न विभागाच्या भाषेत मांडता आला पाहिजे. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ पासूनचा आहे. तिथे हाच विषय कुटुंब, जात आणि शहराचा होतो. पत्रकारिता विभागात तो माध्यमांचा होतो. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत माध्यम आणि संस्कृती अभ्यासातूनही जाता येतं, स्त्री अभ्यासातूनही. एसएनडीटी महिला विद्यापीठात १९७४ पासून स्त्री अभ्यास संशोधन केंद्र आहे. आकडेवारीत रस असेल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी ज्या संस्थेमार्फत होते ती आयआयपीएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, हीसुद्धा देवनारलाच आहे.

मार्गदर्शक निवडताना त्यांनी याच विषयावर काम केलेलं असावं असा हट्ट नको. संवेदनशील मुलाखतींचा अनुभव असलेले मार्गदर्शक मिळाले, मग त्यांचा विषय घरगुती हिंसा असो की एचआयव्ही, तर ते जास्त उपयोगी पडतात.

३. घरी काय सांगू? आईला ‘लैंगिकता’ हा शब्द सांगायचीही सोय नाही.

हा प्रश्न मुलींकडून जास्त येतो. घरात भांडण होण्यापेक्षा ‘बायका आणि मोबाइल’ किंवा ‘तरुणांचं आरोग्य आणि इंटरनेट’ असं सांगायला हरकत नाही, ते खरंच आहे. पण एका गोष्टीत तडजोड नको. तुमच्या लॅपटॉपवर आणि फोनवर दुसऱ्यांच्या आयुष्यातल्या गोष्टी असणार आहेत. लॅपटॉप घरात भावाबरोबर वाटून वापरत असाल तर कामाला बसण्याआधी त्याला वेगळा पासवर्ड आणि वेगळं खातं हवं. घरच्यांना विषयाचं नाव सांगितलं नाही तरी चालेल. ‘यातल्या फायली कुणी उघडायच्या नाहीत’ हे मात्र स्पष्ट सांगावं लागेल.

४. मुंबईत या आधी काय काम झालंय? सगळे संदर्भ परदेशातलेच मिळतात.

परदेशातले संदर्भ मिळतात, कारण शोध तिथून सुरू केलेला असतो. मुंबईतून सुरुवात करा.

र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये याच शहरात संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी त्यांना या कामापायी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. वाचक पत्रातून हस्तमैथुन, समलिंगी संबंध, दुर्बलता यांविषयी प्रश्न विचारत, कर्वे उत्तरं छापत. या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले. नाव न सांगता प्रश्न विचारायची सोय आणि ते प्रश्न छापून सगळ्यांसमोर मांडणारं माध्यम ही जोडी त्या काळातही होती. आजच्या निनावी खात्यांचा अभ्यास करणाऱ्याने ते अंक ग्रंथालयात बसून वाचावेत, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. लोक काय विचारायला घाबरत होते आणि काय नव्हते, हे तिथे दिसतं.

नंतर १९९० मध्ये अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी व्यक्तींसाठीचं नियतकालिक सुरू केलं, १९९४ मध्ये त्यांच्यासाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट उभा राहिला. १९९८ मध्ये ‘गे बॉम्बे’ हा ईमेल गट सुरू झाला. त्या गटात आणि त्यातून जमणाऱ्या पार्ट्यांमध्ये राहून केलेला परमेश शहाणी यांचा अभ्यास २००८ मध्ये पुस्तकरूपाने आला. ऑनलाइन आणि प्रत्यक्ष भेटी एकाच आयुष्याचे भाग म्हणून कसे पाहायचे, यासाठी तो आजही वाचावा. २०११ मध्ये लैंगिकता आणि इंटरनेट या विषयावर पाच देशांतलं एकत्र संशोधन प्रसिद्ध झालं, त्यातला भारताचा भाग मुंबईतल्या मध्यमवर्गीय स्त्रियांविषयी होता.

आणि एक अभ्यास इंटरनेटचा नाही, तरी वाचाच. २००५ मध्ये राज्य सरकारने डान्स बारवर बंदी आणली, तेव्हा एसएनडीटीचं स्त्री अभ्यास केंद्र आणि फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन ही स्त्री संघटना यांनी बारमधल्या बायकांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या कामाची आणि घरची परिस्थिती मांडली. ते काम उच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. ज्यांच्याविषयी सगळं शहर बोलत होतं त्यांनाच जाऊन विचारणं म्हणजे काय, ते त्यातून समजतं.

५. या विषयावर लिहिणं कायद्यात बसतं का? उद्या माझ्यावरच गुन्हा दाखल झाला तर?

लैंगिकतेवर अभ्यास करणं, मुलाखती घेणं, प्रबंध लिहिणं हा गुन्हा नाही. सांभाळायचं ते प्रसारणात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ अश्लील मजकूर आणि कलम ६७ अ लैंगिक कृती दाखवणारा मजकूर इलेक्ट्रॉनिक रूपात प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं यासाठी शिक्षा सांगतं. विज्ञान, साहित्य, कला किंवा शिक्षण यांच्या हिताच्या मजकुराला कायद्यात अपवाद आहे, पण तो ‘सिद्ध’ करावा लागतो, म्हणजे प्रकरण सुरू झाल्यावर. म्हणून परिषदेतल्या स्लाइडवर आणि मार्गदर्शकांना पाठवलेल्या ईमेलमध्ये उघडी चित्रं टाकू नका. वर्णन पुरतं.

नुसत्या शिव्या किंवा उघड भाषा म्हणजे अश्लीलता नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये एका वेब मालिकेच्या प्रकरणात म्हटलं आहे. तेव्हा मुलाखतीतली भाषा धुऊन काढू नका, लोक बोलतात तशीच ठेवा. मुलांविषयीच्या मजकुराचा कायदा पूर्ण वेगळा आहे, त्यासाठी प्रश्न १२ आणि १३ पाहा.

६. समलिंगी संबंध आता गुन्हा नाही. मग एवढी गुप्तता कशाला?

कायदा किती वेळा फिरला ते आठवा. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ ला पुन्हा मोकळीक मिळाली. २००९ ते २०१३ या काळात ज्यांनी खऱ्या नावाने मुलाखती दिल्या होत्या ते एका सकाळी पुन्हा गुन्हेगार ठरले, आणि त्यांच्या मुलाखती छापून झाल्या होत्या. आजच्या कायद्याच्या भरवशावर उद्याची नावं उघडी करायची नाहीत, हे मी त्यातून घेतलं.

शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क मिळाला नाही. घरमालक, सोसायटी, कार्यालय, नातेवाईक हे सगळे कायद्याच्या बाहेर आपापला निकाल देतच असतात.

७. एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) परवानगी खरंच लागते का? आमच्या कॉलेजात कमिटीच नाही.

लागते, असं समजूनच चाला. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आरोग्याशी संबंधित संशोधनासाठी आहेत, आणि लैंगिकतेचे बरेच विषय आरोग्याला जाऊन भिडतातच. समाजविज्ञानासाठी मुंबईतच एक चांगला पाया घातला गेला आहे : सेहत या संस्थेच्या पुढाकाराने २००० मध्ये आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची नैतिक तत्त्वं तयार झाली. ती वाचायला सोपी आहेत आणि आपल्याकडच्या परिस्थितीला धरून आहेत.

कॉलेजात कमिटी नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या कमिटीकडे अर्ज करता येतो का ते मार्गदर्शकांमार्फत विचारा. तेही जमलं नाही तर या विषयातला एक संशोधक, एक वकील आणि ज्या समुदायाचा अभ्यास आहे त्यातली एक व्यक्ती, अशा तिघांकडून आराखडा लेखी तपासून घ्या. समुदायातली व्यक्ती गाळू नका. प्रश्नावलीत कुठे दुखेल ते तिलाच पटकन दिसतं.

८. फेसबुक ग्रुपवरच्या किंवा इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट सगळ्यांना दिसतात. त्या वापरायला कुणाची परवानगी कशाला?

सगळ्यात जास्त वेळा येणारा आणि सगळ्यात जास्त वाद होणारा प्रश्न हाच. दिसतं म्हणजे वापरायला मोकळं, असं नाही. इंटरनेट संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००२, २०१२ आणि २०१९ मध्ये मार्गदर्शन केलं, आणि तिन्ही वेळा भर याच गोष्टीवर होता की संदर्भ पाहून ठरवा. लिहिणाऱ्याला आपला वाचक कोण वाटत होता? चारशे जणांच्या गटात कुणी नवऱ्याविषयी लिहिलं असेल, तर तिला ते चारशे जण अपेक्षित होते. प्रबंध वाचणारे परीक्षक आणि त्यानंतर गूगल नव्हे.

नावं काढून हा प्रश्न सुटत नाही, हे दोन प्रकरणांनी दाखवलं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या विद्यार्थ्यांची फेसबुक माहिती नावं काढून संशोधनासाठी प्रसिद्ध केली. थोड्याच काळात ते कॉलेज हार्वर्ड आहे हे ओळखलं गेलं. २०१६ मध्ये तर ओकेक्युपिड या डेटिंग संकेतस्थळावरच्या सुमारे ७०,००० जणांची माहिती, वापरकर्त्यांच्या नावांसकट, ‘आधीच सार्वजनिक आहे’ असं म्हणून टाकून दिली गेली.

आपल्याकडे अजून एक अडचण आहे. मराठीतलं वाक्य जसंच्या तसं उद्धृत केलं की ते अवतरणचिन्हांत टाकून कुणीही शोधू शकतं आणि सरळ मूळ खात्यावर पोहोचतं. मराठीत मजकूर कमी असल्यामुळे वाक्य लगेच सापडतं. म्हणून मी असं सुचवते : बंद गट असेल तर ॲडमिनची आणि लिहिणाऱ्याची, दोघांची परवानगी घ्या. उघडी पोस्ट असेल आणि विषय खाजगी असेल तर लिहिणाऱ्याला विचारा, उत्तर आलं नाही तर वाक्य बदलून आशय सांगा. मोठ्या संस्थेची, नेत्याची किंवा सार्वजनिक मोहिमेची पोस्ट असेल तर खुशाल उद्धृत करा. बाकी कुणाचंही वाक्य उद्धृत करण्याआधी स्वतः शोधून पाहा, ते सापडतंय का. सापडलं तर ते वापरू नका.

९. डेटिंग ॲपवर प्रोफाइल उघडून तिथूनच मुलाखती मिळवल्या तर?

प्रोफाइलच्या पहिल्या ओळीत तुम्ही संशोधक आहात हे लिहिलेलं असेल तर विचार करता येईल, तोही ॲपच्या अटी वाचून आणि कमिटीला सांगून. खोटं प्रोफाइल करून, बोलणी वाढवून, मग ‘खरं तर मी पीएचडी करतोय’ असं सांगणं म्हणजे फसवणूक. तिथे येणाऱ्या माणसाने धीर करून पाऊल टाकलेलं असतं. त्याच्या मनात आशा असते, ती साहित्य म्हणून वापरायची नाही. आणि ॲपवरची प्रोफाइलं स्क्रीनशॉट काढून साठवायची नाहीत, चेहरा झाकूनसुद्धा नाही. अंतर, वय आणि दोन आवडीनिवडी एवढ्यावरून अंधेरीतला माणूस त्याच्या मित्राला ओळखू येतो.

१०. मुलाखत कुठे घ्यायची? घरी बोलता येत नाही, कॅफे परवडत नाही, समोरच्यालाही वेळ नाही.

मुंबईतल्या संशोधनाचं निम्मं यश या उत्तरात आहे. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहत असतील तर ‘निवांत जागा निवडा’ हे पुस्तकातलं वाक्य फोल आहे. शिवाजी पार्कचा कट्टा किंवा मरीन ड्राइव्ह मोकळं वाटतं, पण शेजारी बसलेल्या अनोळखी माणसापेक्षा फिरायला आलेली ओळखीची मावशी जास्त त्रासाची ठरते. मुलाखत देणाऱ्या व्यक्तीला तिच्या वस्तीपासून दूरच्या स्टेशनजवळ भेटा, आणि ते स्टेशन तिला निवडू द्या. स्वयंसेवी संस्थेची खोली, कॉलेजातला रिकामा वर्ग, ग्रंथालयाचा कोपरा हे चांगले पर्याय आहेत. संस्थेची खोली वापरताना एक पाहा : दारावरच्या पाटीमुळेच ‘ही इथे का आली’ असा प्रश्न पडणार असेल तर ती जागा नको.

पुष्कळदा फोनवरच बोलावं लागतं. लोक गच्चीवर, जिन्यात, ऑफिस सुटल्यावर पुलावर उभं राहून बोलतात. अशा वेळी ‘हो’, ‘नाही’, ‘कधीकधी’ अशा उत्तरांत संपतील असे प्रश्न आधी तयार ठेवा, म्हणजे कुणी जवळ आलं तरी तिला उघडं पडावं लागणार नाही. विषय बदलण्याची खूण ठरवा. ‘रेशनचं काय झालं’ असं ती म्हणाली की तुम्ही लगेच रेशनवर बोलायला लागायचं, थांबून ‘काय झालं’ असं विचारायचं नाही.

लिहून बोलणं, म्हणजे चॅटवर मुलाखत, हा मार्ग मला फार उपयोगी वाटला आहे. आवाज जात नाही, भिंती पातळ असल्या तरी चालतं, आणि लाजऱ्या माणसाला विचार करायला वेळ मिळतो. पण ते फोनवर उरतं. त्यासाठी पुढचं उत्तर.

११. व्हॉट्सॲपवर बोललो, सगळं एन्क्रिप्टेड आहे. मग अडचण काय?

एन्क्रिप्शन, म्हणजे संदेशाला लावलेलं सांकेतिक कुलूप, वाटेत जपतं. मुंबईत फोन घरी पोहोचल्यावर मुलगा त्यावर गेम खेळतो, नवरा पासवर्ड जाणतो, सासरे त्यावरून गॅस नोंदवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. फोन ‘तिचा’ आहे म्हणजे फक्त तीच तो उघडते, असंही नाही.

म्हणून छोट्या गोष्टी पाहा. तुमच्या व्हॉट्सॲपचा फोटो आणि ‘अबाउट’ची ओळ साधी ठेवा. गूगल फॉर्म पाठवला की लिंकबरोबर त्याचं शीर्षक स्क्रीनवर झळकतं, तेव्हा ‘विवाहबाह्य संबंधांचं सर्वेक्षण’ असं शीर्षक ठेवायचं नाही. ट्रूकॉलरवर तुमचा नंबर लोक कुठल्या नावाने जतन करतात तेच नाव दुसऱ्यांना दिसतं, स्वतःचा नंबर शोधून पाहा. संमतीपत्राचा फोटो गॅलरीत जातो आणि कुटुंबाच्या एकाच खात्यावर बॅकअप होतो, म्हणून संमती तोंडी घ्या आणि रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला ठेवा. मानधन यूपीआयने दिलंत तर पासबुकात तुमचं नाव आणि रक्कम उमटते. रोख द्या. गायब होणारे संदेश चोवीस तासांवर लावा, पण ते तिला विचारून, कारण ‘हे चॅट का पुसलं जातंय’ या प्रश्नाला उत्तर तिलाच द्यावं लागणार आहे. पहिला संदेश कधीही आपण होऊन पाठवू नका, ‘कधी लिहू?’ असं ठरवून घ्या.

१२. अठरा वर्षांखालच्या मुलांशी बोलता येईल का? खरे प्रश्न तर त्यांचेच आहेत.

त्यांचे प्रश्न खरेच खरे आहेत, आणि म्हणूनच इथे घाई नको. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरतो. सोळा-सतरा वर्षांच्या दोघांनी आपल्या मर्जीने ठेवलेले संबंधही त्यात येतात. कलम १९ नुसार गुन्हा घडल्याचं कळलेल्या प्रत्येक व्यक्तीवर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहे, न कळवल्यास कलम २१ प्रमाणे शिक्षा आहे. संशोधकाला यात सूट नाही. म्हणजे तुम्ही गुप्ततेचं वचन दिलंत आणि मुलीने प्रेमसंबंध सांगितले, तर एक तर वचन मोडतं किंवा कायदा.

वचन देण्याआधीच मर्यादा सांगा : ‘हे आणि हे सांगितलंस तर मला ते कळवावं लागेल.’ प्रश्न स्वतःच्या अनुभवाचे ठेवू नका, ‘तुझ्या वयाच्या मुलांना काय वाटतं’ असे ठेवा, किंवा एखादी काल्पनिक परिस्थिती देऊन चर्चा करा. पालकांची संमती लागते आणि मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. पण पालकांना दिलेल्या पत्रात विषय असा लिहू नका की त्यातून मुलावर संशय येईल. पीएचडीसाठी माझा सल्ला विचाराल, तर अठरा ते एकवीस वयाच्या मुलांना मागच्या वर्षांविषयी विचारा. लहानपणी झालेला अत्याचार कुणी प्रौढ व्यक्ती सांगत असेल, तर कळवण्याच्या जबाबदारीविषयी वकिलाचं लेखी मत कमिटीच्या फायलीत आधीच लावून ठेवा. मदतीसाठी १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा क्रमांक मुलाखतीआधीच हाताशी असू द्या.

१३. पॉर्नचा अभ्यास करायचा तर नमुने उतरवून ठेवावे लागतील ना?

प्रौढांचा मजकूर खाजगीत पाहणं आणि त्याची वर्णनात्मक नोंद करणं शक्य आहे, तो पुढे पाठवायचा नाही (प्रश्न ५). पण लिंक, तारीख आणि तुमची नोंद एवढ्यावर काम भागतं, साठा करायची गरज पडत नाही. बघणाऱ्यांवर काम करणारे संशोधक तर मजकुराला हातही लावत नाहीत आणि त्यांचे निष्कर्ष जास्त नवे असतात.

मुलांचा लैंगिक मजकूर हा विषयच वेगळा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब मध्ये तो शोधणं आणि उतरवणंही गुन्हा आहे, आणि २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो पाहणं-बाळगणं याविषयी कायदा कडकच वाचला. संशोधनाचं कारण सांगून त्याच्या जवळ जाऊ नका. अनपेक्षितपणे समोर आला तर प्रत करू नका, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर निनावी तक्रार करा आणि मार्गदर्शकांना त्याच दिवशी ईमेलने कळवा.

१४. नाव बदललं, गाव बदललं. एवढं पुरे ना?

पुरत नाही. ‘भांडुपची तीस वर्षांची नर्स, घटस्फोटित, नवरा रेल्वेत’ एवढ्यावर तिच्या वॉर्डातला प्रत्येक जण ओळखेल. धंदा बदला, उपनगर बदला, मुलांची संख्या बदला, पण जात, वर्ग आणि घराची रचना यांपैकी जे तुमच्या युक्तिवादाला लागतं ते जपा. दोन व्यक्तींच्या गोष्टी एकत्र करून एक पात्र केलं असेल तर ते पद्धतीच्या प्रकरणात उघड लिहा.

१५. मुलाखतीचं लिखाण एआयकडून करून घेतलं तर चालेल?

ऑनलाइन सेवेला फाइल दिली की ती तुमच्या ताब्यातून गेली, आणि संमती देणाऱ्याने ती कंपनीला दिलेली नव्हती. लॅपटॉपवरच, इंटरनेट बंद ठेवून चालणारं साधन असेल तर वापरा. नाहीतर हाताने लिहा. हाताने लिहिताना माणूस पुन्हा ऐकू येतो, मध्येच थांबलेला, हसलेला. विश्लेषणाचं निम्मं काम तिथेच होतं.

१६. मुलाखतीत कुणी सांगितलं की तिला नग्न व्हिडिओवरून ब्लॅकमेल केलं जातंय. मी काय करू?

रेकॉर्डर बंद करा. त्या क्षणी मुलाखत संपली. पैसे पाठवू नयेत, चॅट आणि नंबर पुसू नयेत, हे आधी सांगा, कारण घाबरून लोक आधी पुरावाच पुसतात. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन, बाकी तक्रार सायबर पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात. ‘स्टॉपएनसीआयआय’ ही डिसेंबर २०२१ पासूनची सेवा प्रौढांसाठी आहे. चित्र फोनबाहेर न जाता त्याचा फक्त अंकी ठसा सहभागी कंपन्यांना मिळतो आणि त्यांच्याकडे ते चित्र अडवलं जातं. तुम्ही ते चित्र किंवा व्हिडिओ मागू नका, ‘पुरावा म्हणून’ सुद्धा नाही. पोलिसांकडे जायचं की नाही हे ती ठरवेल, अल्पवयीन असेल तर प्रश्न १२ लागू होतो. रात्री अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

१७. तिने मला तिच्या प्रियकराबरोबरच्या गप्पांचे स्क्रीनशॉट पाठवले. ते वापरू का?

संमती तिची आहे, त्याची नाही. तिने सांगितलेला तिचा अनुभव वापरा, त्याची वाक्यं वापरू नका. स्क्रीनशॉट आला असेल तर नोंद करून पुसा आणि ‘पुढे पाठवू नकोस, वाचून दाखव’ असं तिला सांगा.

१८. बोलणारी माणसं मला ताई म्हणतात, रात्री मेसेज करतात. काही जण जास्तच जवळ येतात.

ताई म्हटलं की नातं लागलं, आणि नात्यात मदत मागणं आलंच. मदत करा, पण तुम्ही समुपदेशक नाही हे पहिल्या भेटीतच सांगा. कामासाठी वेगळं सिम घ्या, वेळ ठरवून द्या. कुणी लैंगिक बोलणं तुमच्यावरच वळवलं तर मुलाखत थांबवण्याचा पूर्ण हक्क तुम्हाला आहे, नमुना कमी पडला तरी चालेल. भेटीला जाताना कुठे आणि किती वाजेपर्यंत हे एका विश्वासू व्यक्तीला माहीत हवं. ज्याला भेटताय त्याचं नाव मात्र त्या व्यक्तीलाही सांगायचं नाही. ते लिहून बंद पाकिटात ठेवा.

१९. पोलिसांनी माझ्याकडे मुलाखती मागितल्या तर?

वकील-अशिलासारखं संरक्षण आपल्याकडे संशोधकाला नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या कलम ९४ खाली कागद किंवा उपकरणं मागवता येतात. म्हणून गरजेपेक्षा जास्त गोळाच करू नका. खरी नावं, नंबर आणि मुलाखत यांची सांगड घालणारी यादी वेगळी ठेवा आणि मुलाखती लिहून झाल्या की नष्ट करा, नष्ट करण्याची तारीख कमिटीच्या अर्जात आधीच लिहिलेली असू द्या. नोटीस आल्यावर मात्र काहीही पुसायचं नाही, तो गुन्हा होईल. नोटीस लेखी मागा, संस्थेला कळवा, वकील गाठा.

२०. संमती दिलेल्या व्यक्तीने दोन वर्षांनी ‘माझी गोष्ट काढा’ असं सांगितलं. प्रबंध सादर झालाय. आता?

माघार कधीपर्यंत घेता येईल ते संमती घेतानाच सांगायला हवं, आणि तारीख सांगून : ‘अमुक महिन्यात लिखाण पूर्ण होईल, त्याआधी कधीही.’ पीएचडीचे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन प्रबंध-संग्रहावर जातात आणि जगात कुणालाही उघडता येतात, हेही त्याच वेळी सांगा. बहुतेकांना वाटतं की प्रबंध कपाटात पडून राहतो.

तारीख उलटली असेल तरी ‘नियमात बसत नाही’ असं उत्तर देऊन मोकळं होऊ नका. का काढायचंय ते विचारा. लग्न ठरलंय, घरात कुणी वाचायची शक्यता आहे, असं काही असेल तर विद्यापीठाकडे लेखी अर्ज करून ते प्रकरण काही काळ बंद ठेवता येतं का ते पाहा. त्या मुलाखतीवर आधारलेले पुढचे लेख थांबवा. रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेल तर ते पुसा आणि पुसलं असं तिला कळवा. छापलेला लेख परत घेता येणार नाही, पण पुढच्या आवृत्तीत किंवा पुस्तकात ती गोष्ट नसेल, एवढं तुमच्या हातात आहे. तिला ते लेखी हवं असेल तर तुमच्या सहीने द्या, कागद तिने घरी ठेवायचा की नाही हे तिला ठरवू द्या.